क्रीडा-मूल्यमापनातील सांख्यिकीच्या मर्यादा : सी. के. नायडू यांच्या संदर्भात

प्रस्तावना

क्रीडापटूच्या कामगिरीचे मूल्यमापन करताना सरासरी हे अत्यंत प्रचलित परिमाण होय. तिच्यामुळे तुलना सुलभ होते व परीक्षकाच्या आवडीनिवडीला आळा बसतो, हे निर्विवाद. तथापि सरासरी जे सांगते आणि आपण तिच्याकडून जे वदवून घेतो, यांत अंतर असते. नागपुरात जन्मलेले कर्नल सी. के. नायडू (१८९५-१९६७) यांच्या कारकिर्दीच्या आधारे हे अंतर तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन

नायडूंनी ७ कसोटी सामन्यांतील १४ डावांत ३५० धावा केल्या, सरासरी २५. केवळ हा आकडा पाहणारा त्यांची गणना सामान्य फलंदाजांत करील. परंतु २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला, तेव्हा कर्णधार नायडू ३६ वर्षांचे होते. उमेदीच्या वर्षांत त्यांना कसोटी क्रिकेट उपलब्धच नव्हते. न मिळालेल्या संधीला सरासरीच्या भागाकारात स्थान नसते. शिवाय १४ डावांचा नमुना फारच लहान आहे. त्यांपैकी एका डावात आणखी १०० धावा झाल्या असत्या, तर हीच सरासरी ३२ च्या पुढे गेली असती.

लॉर्ड्सवर हाताला दुखापत होऊनही त्यांनी पहिल्या डावात संघातर्फे सर्वाधिक ४० धावा केल्या. तक्त्यात मात्र या ४० धावा अन्य कोणत्याही ४० धावांसारख्याच दिसतात.

म्हणून आकडेवारीच त्याज्य मानावी काय? तसे नाही. १९२६ मध्ये मुंबईत एम.सी.सी.विरुद्ध नायडूंनी ११ षटकारांसह १५३ धावा केल्या. त्यांचे मोठेपण आपण सांगतो तेही आकड्यांतच. परंतु भारतीय क्रिकेटचा आत्मविश्वास वाढविणारी ही खेळी कसोटी सरासरीत मोजलीच जात नाही. दोष आकड्याचा नसून, मर्यादित नोंदीवरून संपूर्ण गुणवत्तेचा निर्णय देण्याचा आहे.

निष्कर्ष

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. बाद पद्धतीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलेल्या ग्रामीण महाविद्यालयाच्या खेळाडूला एकच डाव मिळतो. विद्यापीठ संघाच्या निवडीत त्याची तुलना अंतिम फेरीपर्यंत खेळलेल्याशी केवळ धावांवरून करणे अन्यायकारक ठरते. म्हणून निवड समितीने सरासरीसोबत डावांची संख्या, प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा व सामन्याची स्थिती यांची लेखी नोंद ठेवावी आणि अशा खेळाडूंना निवड चाचणीत पुन्हा संधी द्यावी.