गोविंदराव टेंबे यांचे संवादिनीवादन : फ्रान्झ लिस्टच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
मराठी संगीतसमीक्षेने गायकाचा विचार विस्ताराने केला. पेटीवादकाकडे मात्र ती बहुधा साथीदार म्हणूनच पाहत आली. या दृष्टीने गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांच्या वादनाचे पुनर्मूल्यमापन आवश्यक ठरते. हंगेरीच्या राज्यात जन्मलेला पियानोवादक फ्रान्झ लिस्ट (१८११-१८८६) याच्याशी केलेली तुलना येथे उपयुक्त ठरते. कारण दोघांचीही वाद्ये पट्ट्यांची, म्हणजेच बांधलेल्या स्वरांची आहेत.

कंठसंगीत आणि पट्टी :
पियानोचा स्वर उमटताच विरू लागतो. तरीही लिस्टने शूबर्टची गीते आणि ऑपेरांतील गायन पियानोवर उतरवले. संवादिनीची अडचण वेगळी आहे. भात्यामुळे तिचा स्वर टिकतो, परंतु एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे तिला साधत नाही. त्यामुळे खरी मींड किंवा दरबारीतील आंदोलित गंधार तिच्यावर निघत नाही. भास्करबुवा बखले यांना गुरुस्थानी मानणाऱ्या टेंबे यांनी ही मर्यादा असतानाही ख्याल-ठुमरीचे अंग पेटीवर आणले आणि स्वतंत्र वादनाला प्रतिष्ठा मिळवून दिली. ‘मानापमान’ (१९११) मधील पदांना त्यांनी दिलेल्या ठुमरी-दादरा वळणाच्या चालींमागे हाच व्यासंग आहे. वादक आणि संगीतकार ही त्यांची दोन स्वतंत्र रूपे नव्हेत, ती एकाच श्रवणसाधनेची फळे होत.

प्रतिष्ठेतील तफावत :
कर्तृत्वात साम्य असले तरी दोघांना लाभलेला सामाजिक आधार भिन्न होता. १८४० मध्ये लंडन येथे लिस्टच्या कार्यक्रमांसाठी ‘रिसायटल’ ही संज्ञा रूढ झाली आणि रंगमंचावर एकटा वादक पुरेसा ठरला. १८७५ मध्ये बुडापेस्टला स्थापन झालेल्या संगीत अकादमीचा तो पहिला अध्यक्ष होता. याउलट ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये संवादिनीवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये अंशतः शिथिल झाली. म्हणजे टेंबे यांच्या आयुष्याची अखेरची पंधरा वर्षे त्यांचे वाद्य नभोवाणीवर निषिद्ध होते.

बंदीमागील सांगीतिक आक्षेप निराधार नव्हता, हे मान्य केले पाहिजे. परंतु वाद्याची उणीव आणि वादकाची योग्यता या दोन गोष्टींची त्यात गल्लत झाली. पियानोलाही मींड नाही. म्हणून लिस्टला कोणी दुय्यम ठरवले नाही.

निष्कर्ष :
लिस्टने शोपॅंवर ग्रंथ लिहिला, तर टेंबे यांनी अल्लादिया खाँ यांचे चरित्र (१९५४) लिहिले. ‘माझा संगीत व्यासंग’ हे त्यांचे आत्मपर लेखनही उपलब्ध आहे. वादकाची विचारशीलता तपासण्यास ही साधने मोलाची आहेत. भंडारा ते गडचिरोली या पट्ट्यातील झाडीपट्टी रंगभूमीवर ऑर्गन आजही नाट्यपदांना साथ करतो. मात्र नाटकाच्या चर्चेत तो वाजवणाऱ्याचा उल्लेख क्वचितच होतो. वाद्याला काय येत नाही यापेक्षा वादकाने त्यातून काय काढले, हा निकष स्वीकारला, तर टेंबे यांच्याइतकाच या अनुल्लेखित वादकांनाही न्याय मिळेल.