दगड फोडणारे फूल आणि त्याचे दोन चरित्रकार

'सॅक्सिफ्रागा' या लॅटिन नावाचा अर्थ दगड फोडणारी. आपल्या आयुर्वेदातील 'पाषाणभेद' या नावाचा अर्थही तोच. गंमत अशी, की हिमालयातील जी वनस्पती पाषाणभेद म्हणून वापरात आहे आणि आज बर्जेनिया या प्रजातीत गणली जाते, तिला एके काळी वनस्पतिशास्त्रज्ञ सॅक्सिफ्रागा लिग्युलाटा असेच म्हणत. दोन्हीकडे या वनस्पतींचा वापर मूतखड्यावर होत असे. दगडाच्या भेगेत उगवते, म्हणून तिनेच दगड फोडला असावा, असाही तर्क लोकांनी केला. गडाच्या तटात रुजलेला पिंपळ चिरे खरोखर हलवतो. सॅक्सिफ्रेज मात्र बहुधा आधीच पडलेल्या भेगेचा आसरा घेते. तेथे मुळे थंड राहतात, पाणी साचत नाही आणि दांडगे शेजारी नसतात.

नावावरून कारण ठरवण्याची ही चूक वर्गातही वारंवार होते. म्हणूनच या वनस्पतींविषयीचे दोन इंग्रजी ग्रंथ आम्ही येथे शेजारी ठेवून पाहणार आहोत. एक रेजिनल्ड फॅरर यांचा 'द इंग्लिश रॉक गार्डन' हा 1919 मध्ये प्रसिद्ध झालेला द्विखंडी ग्रंथ, दुसरा डी. ए. वेब आणि आर. जे. गॉर्नल यांचा 'सॅक्सिफ्रेजेस ऑफ युरोप', 1989 चा.

फॅरर (1880-1920) हे यॉर्कशरचे. आल्प्स, चीनमधील गान्सू आणि उत्तर ब्रह्मदेश येथे त्यांनी वनस्पतींसाठी भटकंती केली आणि ब्रह्मदेशातच त्यांचा अंत झाला. चांगले शैलोद्यान म्हणजे मातीच्या ढिगावर खोचलेले दगड नव्हेत, डोंगरातील खडकांची ठेवण आणि पाण्याचा निचरा त्यात उतरला पाहिजे, हे त्यांनी हौशी बागवानांना पटवले. उंच पर्वतावरील झाडे थंडीने मरत नाहीत. हिवाळाभर ती बर्फाच्या पांघरुणाखाली सुरक्षित आणि बरीचशी कोरडी असतात. मैदानातल्या बागेत त्यांचा घात करते ती हिवाळ्यातली ओल आणि उन्हाळ्यातला उकाडा. हा शास्त्रीय मुद्दा सामान्य वाचकांपर्यंत पोहोचवण्यात फॅरर यांचा वाटा मोठा आहे.

त्यांचे लेखन वाचताना झाड डोळ्यांसमोर उभे राहते. एखादी जाती त्यांना राजासारखी वाटते, एखादी उपऱ्यासारखी. आवडनिवड ते लपवत नाहीत. पण आमचा आक्षेप नेमका येथेच सुरू होतो. वर्णन वाचून झाड हवेसे वाटते, तरी ते ओळखता येईलच असे नाही. ग्रंथ वर्णानुक्रमाने लावलेला आहे. अमुक लक्षण असेल तर इकडे, नसेल तर तिकडे, असे वाचकाला टप्प्याटप्प्याने नेणारी तालिका त्यात नाही. लेखकाचे मत आणि झाडाचे लक्षण एकाच वाक्यात मिसळते. शिवाय फॅरर स्वतः रोपवाटिका चालवत असत. वर्णन करणारा आणि विकणारा एकच असेल, तर वाचकाने जरा सावध राहावे.

या मोहक लेखनाची आणखी एक किंमत आहे. फॅरर यांची अतिशय आवडती सॅक्सिफ्रागा फ्लोरुलेंटा ही मॅरिटाइम आल्प्सच्या छोट्या टापूतच आढळते. ती अनेक वर्षे वाढते, एकदाच फुलते आणि मरते. म्हणजे फुलण्यापूर्वी उपटलेले रोप ही बी न देताच संपलेली पिढी ठरते. त्या काळी हौशी मंडळी डोंगरातून झाडे सर्रास उपटून आणत आणि फॅररही त्याला अपवाद नव्हते. आज या जातीला कायद्याने संरक्षण आहे. दुर्मिळतेचे कौतुक लिहिणाऱ्याने तिच्या रक्षणाचाही विचार केला पाहिजे, ही जाणीव त्या ग्रंथात आम्हाला फारशी दिसत नाही.

वेब आणि गॉर्नल यांची भाषा रुक्ष आहे, पण प्रत्येक विधान तपासता येते. एकच उदाहरण पाहू. 'लंडन प्राइड' हे इंग्लंडच्या अंगणाअंगणांत दिसणारे झाड फार काळ सॅक्सिफ्रागा अम्ब्रोजा म्हणूनच ओळखले जाई. वस्तुतः तो अम्ब्रोजा आणि स्पॅथ्युलॅरिस या दोन जातींचा संकर आहे. पहिली पिरेनीज पर्वतातली. दुसरी पश्चिम आयर्लंड आणि वायव्य आयबेरियातली. रानात ज्यांची गाठ पडत नाही, त्यांची ती बागेत पडली. या संकराला सॅक्सिफ्रागा अर्बियम हे नाव वेब यांनी 1963 मध्ये दिले. रोज पाहण्यातल्या झाडाचे आईबाप इतकी वर्षे नीट नोंदले जाऊ नयेत, हे पुष्कळ काही शिकवणारे आहे. संकरांच्या कुळीत आपलाही एक धागा आहे. युरोपातील शैलोद्यानांत दिसणाऱ्या अनेक गुलाबी संकरांचा तो रंग पश्चिम हिमालयातील सॅक्सिफ्रागा लिलासिना हिच्याकडून आलेला आहे.

मात्र हा दुसरा ग्रंथही शेवटचा शब्द नव्हे. त्यात सॅक्सिफ्रागामध्येच ठेवलेला मायक्रँथिस हा गट पुढे डीएनएच्या पुराव्यावरून स्वतंत्र प्रजाती मानला गेला. काही जातींच्या पानांच्या कडेवर चुन्याचे पांढरे कण असतात. पानातील जलरंध्रांतून आलेले पाणी उडून गेले की ते मागे उरतात. 2018 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना काही जातींच्या या कवचात व्हॅटेराइट हे कॅल्शियम कार्बोनेटचे निसर्गात दुर्मिळ असलेले रूप आढळले. 1989 च्या ग्रंथात हे असणे शक्यच नव्हते. पण विधाने सुटी आणि स्पष्ट असल्याने त्यातले काय बदलायचे हे चटकन दाखवता येते. फॅरर यांच्या वर्णनात दुरुस्ती करायला जागाच सापडत नाही.

मग शिक्षकांनी कोणता ग्रंथ आदर्श मानावा? आमच्या मते कुतूहल जागवण्यासाठी पहिला आणि त्या कुतूहलाला उत्तर देण्यासाठी दुसरा. परंतु दोघांत विरोध आला, तर कौल पुराव्याच्या बाजूने पडला पाहिजे.

हे वर्गात करून पाहता येईल. आपल्या कुंडीत रात्री फुलणाऱ्या निवडुंगाला आपण ब्रह्मकमळ म्हणतो. हिमालयातले ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले आहे. मुलांना परिसरातील एका झाडाची दोन वर्णने लिहायला सांगावीत: एक मनापासून कौतुकाचे, दुसरे केवळ लक्षणांचे. मग झाडाचे नाव न सांगता ती दोन्ही शेजारच्या वर्गाकडे द्यावीत. कोणत्या कागदामुळे मुले झाड पाहायला धावली आणि कोणत्या कागदामुळे त्यांना ते सापडले, याची नोंद ठेवावी. दोन्ही कागदांची गरज का असते, हे मुलेच सांगतील.