आघातध्वनी आणि कार्यकारणभाव : व्हिडिओ गेममधील ध्वनिरचनेचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

व्हिडिओ गेमची समीक्षा सामान्यतः दृश्य, कथानक आणि हिंसा या तीन अंगांनी केली जाते. ध्वनीचा विचार झालाच तर तो पार्श्वसंगीतापुरता होतो. दोन वस्तू एकमेकींवर आदळताना ऐकू येणारा आघातध्वनी हा निव्वळ तांत्रिक तपशील समजून बाजूला ठेवला जातो. वस्तुतः पडद्यावरील वस्तूला ना वजन असते, ना स्पर्श. ती जड आहे की हलकी, भरीव आहे की पोकळ, याची ग्वाही तिची हालचाल आणि तिचा ध्वनी या दोहोंनाच द्यावी लागते. अशा ध्वनीचे मूल्यमापन ‘हुबेहूबपणा’ या एकाच निकषावर करण्याचा प्रघात आहे. हा निकष अपुरा असून आघातध्वनी आपल्या कारणाशी किती प्रामाणिक आहे हा खरा प्रश्न होय, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

श्रवणाचे स्वरूप

विल्यम गेव्हर यांनी १९९३ मध्ये दैनंदिन श्रवणाची संकल्पना मांडली. माणूस नेहमीच्या व्यवहारात स्वराची उंची वा तीव्रता ऐकत नाही, तर घटना ऐकतो. काय पडले, कशावर पडले, किती जोराने पडले हे त्याला कळते. मराठीतील ध्वन्यनुकारी शब्द याच जाणिवेची साक्ष देतात. ‘खळ्‌कन’ म्हणताच काच फुटते, ‘टणकन’ म्हणताच धातू वाजतो आणि ‘धपकन’ म्हणताच काहीतरी जड व मऊ खाली येते. या शब्दांत द्रव्य आणि आघाताची रीत एकत्र सामावलेली असते.

फ्रेंच अभ्यासक मिशेल शियों यांनी चित्रपटाच्या संदर्भात ‘सिंक्रेसिस’ ही संज्ञा योजली. दृश्य व ध्वनी एकाच क्षणी घडले की, त्यांचा वास्तवात संबंध नसला तरी, प्रेक्षकाच्या मनात ते एकरूप होतात. चित्रपटाला एवढे पुरते, कारण तेथील आघात एकदाच ठरतो व कायम राहतो. व्हिडिओ गेममध्ये आघात खेळाडू घडवितो. तो कोणत्या वस्तूवर, कोणत्या कोनातून, किती वेगाने होईल हे रचनाकाराला आधी ठाऊक नसते. म्हणून येथे एक ध्वनी तयार करून भागत नाही. ध्वनी निवडण्याचा नियम तयार करावा लागतो.

‘पाँग’ : अल्पसाधनांतील शिस्त

अटारी कंपनीच्या ‘पाँग’ (१९७२) या खेळासाठी नोलन बुशनेल यांना प्रेक्षकांच्या गर्जनेसारखा आवाज हवा होता. रचनाकार ॲलन अल्कॉर्न यांच्यापाशी त्यासाठीची साधने नव्हती. त्यांनी चित्र स्थिर ठेवणाऱ्या मंडलात आधीच निर्माण होत असलेले स्वर शोधून तेच वापरले. चेंडू फळीला लागला, भिंतीला लागला अथवा गुण गेला, या तीन घटनांना तीन निरनिराळे स्वर मिळाले. कोणत्याही खऱ्या चेंडूचा आवाज असा नसतो. हुबेहूबपणाच्या कसोटीवर ‘पाँग’ सपशेल नापास ठरेल. तथापि प्रत्येक स्वर एकाच कारणाशी बांधलेला असल्याने खेळाडूची कधीही दिशाभूल होत नाही.

‘हाफ-लाइफ २’ : द्रव्यांचे कोष्टक

व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘हाफ-लाइफ २’ (२००४) मध्ये पेटी, पिंप, डबा अशा असंख्य वस्तू उचलून फेकता येतात. त्यासाठी पृष्ठद्रव्यांचे एक कोष्टक रचलेले आहे. त्यातील द्रव्यांना सौम्य आघात, कठोर आघात, घासणे इत्यादी क्रियांचे ध्वनी नेमून दिलेले आहेत. वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला आणि समोरचा पृष्ठभागही पुरेसा कठीण असला, तरच कठोर आघाताचा ध्वनी वाजतो. म्हणजे आघात ही दोन वस्तूंमधील घटना आहे, याचे भान या रचनेत आहे.

या कोष्टकात लाकूड व धातू यांच्या जोडीला धातूचे पिंप, लाकडी खोके, एवढेच नव्हे तर कलिंगडही स्वतंत्र ‘द्रव्य’ म्हणून नोंदलेले आहे. वर्गीकरणाच्या दृष्टीने हा गोंधळ वाटेल. श्रवणाच्या दृष्टीने मात्र तो योग्य आहे, कारण पोकळ पिंप आणि पोलादी तुळई एकाच धातूची असली तरी सारखी वाजत नाहीत. या रचनेची खरी मर्यादा निराळी आहे. वास्तवात आघाताचा जोर वाढला की आवाज केवळ मोठा होत नाही, तर त्यातील उच्च कंप्रता वाढून तो अधिक तीक्ष्णही होतो. हा अखंड बदल येथे सौम्य व कठोर अशा दोनच पायऱ्यांत बसविला आहे.

वैविध्य आणि अर्थ

एकच ध्वनिमुद्रण वारंवार वाजले की कृत्रिमता उघडी पडते. त्यावर रूढ उपाय म्हणजे एकाच आघाताची अनेक मुद्रणे ठेवून त्यांतून यदृच्छेने निवड करणे आणि स्वराची उंची किंचित बदलणे. यामुळे कंटाळा टळतो, परंतु हे वैविध्य अर्थशून्य असते. समान आघातांना भिन्न ध्वनी मिळतात आणि त्या भेदामागे कोणतेही कारण नसते. याउलट केस व्हॅन डेन डोल, पॉल क्राय आणि दिनेश पै यांनी २००१ मध्ये मांडलेल्या ‘फोलीऑटोमॅटिक’ पद्धतीत वस्तूच्या कंपनांवरून ध्वनी तत्क्षणी गणिताने घडविला जातो. आघाताची जागा व जोर बदलला की ध्वनीही बदलतो. येथे वैविध्य कारणातूनच उपजते. मात्र लाकडाचे तडकणे वा काचेचा चुरा होणे अशा गुंतागुंतीच्या घटनांत मुद्रित ध्वनीची समृद्धी गणिताने साधणे कठीण जाते.

हा वाद केवळ अभिरुचीचा नाही. दृष्टिहीन खेळाडूला खेळातील जग प्रामुख्याने ध्वनीतूनच उभे करावे लागते. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ (२०२०) या खेळात सुगम्यतेसाठी साठहून अधिक पर्याय देण्यात आले व त्यांत ध्वनिसंकेतांना महत्त्वाचे स्थान होते. अशा खेळाडूसाठी कारणाविना बदलणारा ध्वनी म्हणजे चुकीची माहिती होय.

निष्कर्ष

‘पाँग’चे तीन स्वर आणि ‘हाफ-लाइफ २’चे विस्तृत कोष्टक यांत तंत्राचे अंतर मोठे असले तरी दोहोंचे सामर्थ्य एकच आहे : कारण बदलले की ध्वनी बदलतो. यदृच्छेने आणलेले वैविध्य हे सामर्थ्य वाढवीत नाही, ते केवळ पुनरावृत्ती झाकते. म्हणून आघातध्वनीच्या समीक्षेने तो किती खरा वाटतो यापेक्षा तो काय सांगतो, आणि जे सांगतो ते खरे आहे काय, हे आधी तपासणे अगत्याचे ठरते.