पहाटे तीनचा अंक



आजच्या पत्रिकेवर विषय छापलाय ‘झाडीपट्टीचं नाइट लाइफ’. आल्या आल्या दोघा-तिघांनी विचारलं, असा शब्द का म्हणून? मुद्दाम जी. 2020 च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळानं मुंबईत ठरावीक भागांतली दुकानं, मॉल, हॉटेलं रात्रभर उघडी ठेवायला मंजुरी दिली, तेव्हा टीव्हीवर आठवडाभर चर्चा. महाराष्ट्रात पहिल्यांदाच माणसं रात्री जागणार होती जणू! (हशा) आपल्याकडे भाऊबीज झाली, धान कापून झालं, की होळीच्या आसपासपर्यंत कुठल्या ना कुठल्या गावात रात्रभर दिवे असतात, तिकीट असतं, चहा-आलूबोंडा असतो, आणि मंचासमोर बसून प्रत्यक्ष वाजवणारी माणसं असतात. मला आज बोलायचंय ते या शेवटच्या गोष्टीबद्दल. कारण माझ्या मते तीच निसटत चाललीय, आणि आपण बोलतो मात्र बाकी सगळ्याबद्दल.

आधी जागा पाहू. चंद्रपूर म्हणजे गोंड राजांचं शहर. परकोट आहे, जटपुरा, अचलेश्वर, बिनबा, पठाणपुरा अशी दारं आहेत. शहरात सांस्कृतिक सभागृहही आहे. पण तिथलं नाटक दोन-तीन तासांत आटपतं, कारण सभागृह तासांवर मिळतं आणि शेवटची बस गाठायची असते. ऐतिहासिक शहर झोपतं आणि जागं राहतं ते एखादं पाच-सातशे घरांचं गाव. आणि त्या जागेची गंमत अशी की ती जागाच नसते. परवापर्यंत ती धानाची बांधी होती. धुरे सपाट केले, बल्ल्या गाडल्या, पडदे टांगले, जनरेटर आला, झालं थिएटर. सकाळी पुन्हा बांधी. आपल्या मार्कंड्याला पुरातत्त्व खात्याची निळी पाटी आहे, म्हणून ते देऊळ वारसा आहे हे सगळ्यांना कळतं. बांधीला पाटी कोण लावणार?

या गावोगावच्या रात्रींचा बाजार वडशाला भरतो. स्टेशनवर वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथं, तारखा तिथं ठरतात. कोलकात्यात जात्रा कंपन्यांसाठी चितपूर रोड आहे, तसंच हे. आपल्या चामोर्शी-मुलचेरा भागातल्या बंगाली गावांतल्या म्हाताऱ्यांना विचारा, ते जात्रेच्या रात्री सांगतील. म्हणजे रात्रभराचं नाटक हा आपलाच अजब छंद नव्हे.

आता प्रश्न असा, की नाटक रातभर का? याला ‘परंपरा आहे’ असं उत्तर देतात. मला ते उत्तर आळशी वाटतं. परंपरेलाही कारण असतं. बैलबंडीनं आठ-दहा कोसांवरून माणसं यायची. मध्ये जंगल. एक वाजता नाटक संपलं तर जायचं कुठं? म्हणून नाटकानं उजाडेपर्यंत पुरायला हवं. शिवाय घरोघरी पाव्हणे. जावई आलेला, सोयरे आलेले, पोरीसाठी स्थळ पाहायचं तेही त्याच रात्री. नाटक लांब आहे ते लेखकाला आवरत नाही म्हणून नव्हे (तसेही लेखक आहेत, पण त्यांचं नंतर), प्रेक्षकाला जायला वाट नाही म्हणून.

आता वाट आहे. मोटारसायकल आहे. पटलं नाही की माणूस मधल्या अंकात किक मारतो. मग पहाटे तीन वाजता, अंगात थंडी शिरलेली असताना, बसलेला माणूस बसून का राहतो? झाडीपट्टीच्या नाटकाची परीक्षा पहिल्या अंकात नाही, पहाटे तीनच्या अंकात आहे. आणि त्या अंकात नाटक सावरून धरतात ते वादक.

पुण्या-मुंबईचे समीक्षक येतात, लिहितात: कथानक बटबटीत, अभिनय चढा, विनोद ठोकळेबाज. खोटं नाही ते. पण त्यांनी संहिता ऐकली, संगत ऐकली नाही. ऑर्गनवर बसलेल्या माणसाकडे तासभर पाहा. त्याची नजर पेटीवर नसते, नटाच्या छातीवर असते. श्वास भरला की यानं सूर दिलेला. नटी पदाच्या दुसऱ्या ओळीत दमली, तर तबलजी एक आवर्तन जास्त वाजवून तिला उसंत देतो, आणि लोकांना वाटतं काय सुंदर जागा घेतली! विनोदी नटाचा पंच पडला नाही तर ढोलकीची एक थाप तो पडल्यासारखा करते. प्रेक्षक पेंगायला लागला तर लय चढते, रमला तर पद लांबतं. चढा अभिनयही असा एकटा उभा नसतो, त्याच्या खाली सूर असतो. खालचा सूर काढून घेतला तर तो अभिनय बटबटीत दिसणारच, कारण तो आधाराशिवाय उभा केलाय.

हे कुठून आलं? 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात किर्लोस्करांचं शाकुंतल उभं राहिलं, तिथून मराठी संगीत नाटक पसरलं. त्या नाटकांच्याही रात्री उजाडेपर्यंत चालत. 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला, बोलपट गाऊ लागला, आणि शहरांतल्या कंपन्या एकेक करून बसल्या. इकडे हौशी पोरं गावात संगीत नाटकं बसवतच राहिली. पण त्यांच्या कानात फक्त नाट्यपदं नव्हती. दंडार होती, खडी गंमत होती, रात्र काढायची सवय आधीपासूनची होती. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीवर आणि इथल्या लोककलांवर आयुष्यभर काम केलं, त्यातून हे नातं दिसतं. त्यामुळे झाडीपट्टी म्हणजे संगीत नाटकाचं उरलेलं शेपूट, हे म्हणणं मला मान्य नाही.

आता आपल्याच घरातलं बोलू. आपण दोन गोष्टींची फार फुशारकी मारतो: उलाढाल आणि ‘झॉलीवूड’ हे नाव. या नावाचा तृषांत इंगळेंचा सिनेमाही 2022 मध्ये आला, त्यामुळे बाहेरच्यांना आपण कळलो, चांगलंच झालं. पण ते नाव सिनेमाच्या मापानं आपल्याला मोजतं, आणि मापाप्रमाणे माणूस बदलतो. प्रवेशांच्या मध्ये ट्रॅकवर नाच आला. मग गाणंही ट्रॅकवर. मग की-बोर्डवाला एकटा चौघांचं काम करतो, आणि मंडळाला वाटतं पैसे वाचले.

नाचाला माझा सोवळा विरोध नाही. माझी तक्रार ट्रॅकबद्दल आहे. ट्रॅक सव्वाचार मिनिटांचा असेल तर सव्वाचार मिनिटांचाच राहतो. वन्समोर आला तर तोच पुन्हा वाजतो, जसाच्या तसा. अहो, वन्समोर म्हणजे ‘तेच पुन्हा’ नव्हे! वन्समोर म्हणजे ‘आता आमच्याकडे बघून गा’. प्रेक्षकाचा हात जिथं नाटकाला लागायचा, ती जागाच ट्रॅकनं बुजवली. तीन वाजता तो उठून गेला तर दोष कोणाचा?

2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. गुरनोलीचा माणूस, आपला अभिमान आहे. पण आपलं कुठलंही पोस्टर उघडा. नटांचे फोटो, नटींचे मोठे फोटो. वादकांची नावं बहुतेक वेळा तळाशी, जाहिरातीच्या वर, मुंगीच्या अक्षरात.

एक कायद्याची बाब, थोडक्यात. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर नाही, आणि सरकारला सूट देता येते ती वर्षातून फार तर 15 दिवस, तीही रात्री 12 पर्यंत. नियम चुकीचा नाही, शहरात आजारी माणसाला झोप हवी. पण ज्या कलेचा अर्धा भाग बारानंतर घडतो, तिच्यासाठी या नियमात जागाच नाही. मग रात्र चालते ती कोणाच्या तरी डोळेझाकीवर. हंगामभराची कला मर्जीवर ठेवायची? नाट्यसंस्थांनी, मंडळांनी हे लेखी मांडायला हवं.

कुणी म्हणेल, मग बारालाच संपवा की. संपवा. पण 2021 पासून जिल्ह्यात हत्तींचा कळप आहे, आणि 2022 च्या ऑक्टोबरात सीटी-1 वाघ पकडला तो वडशाच्याच जंगलात, 13 माणसांचा बळी गेल्यावर. साडेबाराला बायकापोरांना घेऊन त्या रस्त्यानं निघायचं का, हे मुंबईत बसून ठरत नाही. बैलबंडी गेली, पण उजाडेपर्यंत थांबण्याचं कारण पुरतं गेलेलं नाही.

(श्रोत्यांतून चिठ्ठी) हं, प्रश्न आहे: “नाटकं आता मोबाइलवर रेकॉर्ड होतात, मग संगीत टिकणारच ना?” पाहिलेत मी ते व्हिडिओ. कॅमेरा मंचावर, आवाज भोंग्याचा. तबला कोण वाजवतंय हे शेवटपर्यंत कळत नाही. पुढच्या वेळी रेकॉर्ड कराल तेव्हा पहाटे तीनच्या अंकात दहा मिनिटं कॅमेरा खाली करा, वादकांकडे. आणि खाली त्यांची नावं लिहा, गावासकट.