पुस्तक सुचविणारा मित्र : रोहिंटन मिस्त्री ह्यांच्या कथावाङ्मयातील एक सूत्र

'शिफारस' हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि येताना कचेरीची हवा बरोबर घेऊन आला. शिफारस वरून खाली येते. तीत शिफारस करणाऱ्याच्या अधिकाराचा अंश असतो, आणि बोलण्यात तिचे 'वशिल्या'शी असलेले नाते फारसे लपत नाही. दोन स्नेही एकमेकांस पुस्तक सुचवितात तेव्हा मराठी भाषक ह्या शब्दाच्या वाटेस सहसा जात नाही. तो म्हणतो, 'वाचून बघ'. ह्या संयुक्त क्रियापदातील 'बघ' हे दर्शनाचे वाचक उरलेले नसून प्रयोगाचे वाचक झालेले आहे; करून पहावे, न रुचल्यास सोडून द्यावे, असा त्याचा भाव. उलट 'वाचायलाच हवे' असे म्हणणारा मित्र त्या क्षणापुरता शिक्षक झालेला असतो. आणि 'तू हे वाचलेस का?' ह्या प्रश्नात तर प्रश्नापेक्षा एकटेपणाच अधिक असतो : जे वाचले ते वाटून घ्यावयास कोणी हवे, एवढेच त्याचे म्हणणे.

मराठीत ह्या व्यवहाराचे सर्वांत समृद्ध लेखी साधन म्हणजे जी. ए. कुलकर्णी ह्यांचा पत्रव्यवहार. धारवाडसारख्या मराठीच्या सीमेवरील गावी राहून इंग्रजी शिकविणारा हा कथाकार सुनीता देशपांडे ह्यांना जी पत्रे लिहितो, त्यांत पुस्तक हा अवांतर विषय नसून मैत्रीचे माध्यमच आहे. आवडनिवड जुळली की नाही हे तेथे गौण ठरते. न जुळण्याचे कारण सांगताना माणूस जेवढा उघडा होतो तेवढा जुळल्याने होत नाही. मराठी समीक्षेने ह्या पत्रांकडे लेखकाच्या चरित्राचे साधन म्हणून पाहिले, आणि ते योग्यच आहे. परंतु वाचनव्यवहाराचे साधन म्हणून त्यांचा विचार अजून व्हावयाचा आहे.

हे सर्व कॅनडाच्या वाङ्मयासंबंधी बोलताना आठवण्याचे कारण असे की, त्या देशाच्या वाङ्मयात 'आपण कोणास उद्देशून बोलत आहो' ही चिंता आरंभापासून आहे. नॉर्थ्रप फ्राय ह्यांनी १९६५ साली कॅनडाच्या वाङ्मयेतिहासाचा उपसंहार लिहिताना त्या चिंतेला 'येथे म्हणजे कोठे?' अशा प्रश्नाचे रूप दिले. मार्गारेट ॲटवुड ह्यांनी १९७२ मध्ये 'सर्व्हायव्हल' लिहून, तगून राहणे हेच ह्या वाङ्मयाचे मध्यवर्ती प्रतीक असल्याचे प्रतिपादिले. भारतीय विद्यापीठांत हे ग्रंथ पोहोचले त्याला १९६८ साली स्थापन झालेल्या शास्त्री इंडो-कॅनेडियन इन्स्टिट्यूटचा हातभार लागला. म्हणजे येथील अभ्यासकांची ह्या वाङ्मयाशी ओळख बहुतांशी संस्थांच्या द्वारे झाली. ती शिफारस होती, 'वाचून बघ' नव्हे. यान मार्टेल ह्या कॅनडीय कादंबरीकाराने २००७ ते २०११ ह्या काळात आपल्या पंतप्रधानांस, स्टीफन हार्पर ह्यांना, दर पंधरवड्यास एक पुस्तक पत्रासह पाठविले. त्यांत टॉलस्टॉय होता, भगवद्गीताही होती. पंतप्रधानांचे स्वतःचे उत्तर कधी आले नाही. उपक्रम मोठा मौजेचा. परंतु घेणाऱ्याने हात पुढे केलेला नसताना दिलेले पुस्तक मैत्रीचे राहत नाही, ते निवेदनपत्र होते. (ह्याच मार्टेलच्या 'लाइफ ऑफ पाय' ह्या कादंबरीच्या प्रास्ताविकात माथेरानचा उल्लेख येतो, हे मराठी वाचकांपैकी थोड्यांच्याच ध्यानात राहिले आहे.)

रोहिंटन मिस्त्री ह्यांचे स्थान ह्या संदर्भात निराळे आहे. १९५२ साली मुंबईत जन्मलेला हा पारशी लेखक १९७५ मध्ये कॅनडास गेला, आणि त्याचा पहिला कथासंग्रह 'टेल्स फ्रॉम फिरोजशा बाग' १९८७ साली प्रसिद्ध झाला. संग्रहातील अखेरची कथा 'स्विमिंग लेसन्स'. टोरांटोत राहणारा केरसी आपल्या कथांचे पुस्तक मुंबईस आईबापांकडे पाठवितो आणि ती दोघे ते वाचू लागतात. आईला वाटते, ज्याच्या कथांत मुंबईच्या इतक्या आठवणी, तो तेथे दुःखी असला पाहिजे. बापाला हे मान्य नाही. सर्वच लेखक आठवणींवर आणि अनुभवावर काम करतात, असे तो समजावतो. वरवर पाहता हा घरगुती संवाद. वस्तुतः येथे दोन वाचनपद्धती समोरासमोर उभ्या आहेत : एक लेखनातून लेखकाची खुशाली शोधणारी, दुसरी लेखनाला लेखकापासून सोडवू पाहणारी. बापाची भूमिका अधिक शास्त्रशुद्ध आहे. तथापि कथेने आईलाही खोटे पाडलेले नाही, आणि ह्यातच मिस्त्री ह्यांचे सामर्थ्य आहे. आप्ताचे पुस्तक वाचताना कोणीही निखळ समीक्षक होऊ शकत नाही. तसे झालेच तर ते वाचन अपुरे म्हणावे लागेल.

ह्याच संग्रहातील 'लेंड मी युअर लाइट' ही कथा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. तिचे शीर्षक रवींद्रनाथांच्या 'गीतांजली'तून घेतलेले आहे. केरसी टोरांटोस जातो. त्याच्या भावाचा, पर्सीचा, शाळासोबती जमशेद न्यूयॉर्कला जातो. पर्सी मात्र नवजीत ह्या मित्राबरोबर एका खेड्यात शेतकऱ्यांसाठी काम करू लागतो. जमशेदच्या पत्रांतून मायदेशाविषयी तुच्छता ओसंडते. केरसीला ती आवडत नाही आणि तिच्यापासून दूर सरण्याइतके बळही त्याच्यात नाही. सावकारी हितसंबंधांशी झगडताना नवजीत मारला जातो, आणि पर्सी पुन्हा खेड्याकडे जावयाचे ठरवितो. मित्रांच्या पत्रव्यवहारातून तीन जीवनमार्गांची तुलना साधणारी ही रचना निर्दोष आहे.

दोष आहे तो अन्यत्र. ज्या खेड्यासाठी नवजीतने प्राण वेचले, ते कथेत कोठे आहे? केरसी तेथे जात नाही. खेडे येते ते पर्सीच्या सांगण्यातून, म्हणजे दुसऱ्या हाताने. तेथील शेतकऱ्याची भाषा कथेच्या इंग्रजीत उमटत नाही. फिरोजशा बागेतील गुजराती शब्द, शिव्या, खाद्यपदार्थांची नावे मिस्त्री विनास्पष्टीकरण वापरतात आणि त्यांतून बागेचा एक स्वर तयार होतो. खेड्याला असा स्वर लाभत नाही. दिवा उसना मागणारा कोण, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. केरसीच्या मनातला अंधार कथेने चितारला आहे; खेड्यातील अंधार तिने गृहीत धरला आहे. निवेदक अंधळाच आहे आणि स्वतःस तो टायरेसियस म्हणवितो, तेव्हा खेडे न दिसणे हेच कथेचे मर्म, असा बचाव करता येईल. तो काही अंशी मान्य करावयास हवा. परंतु निवेदकाचे अंधत्व दाखविण्यासाठीसुद्धा, त्याला जे दिसत नाही त्याची चाहूल वाचकास लागावी लागते.

येथे व्यंकटेश माडगूळकर ह्यांच्या 'बनगरवाडी'ची (१९५५) आठवण अपरिहार्य आहे. तेथेही बाहेरून आलेला, सद्हेतूने प्रेरित झालेला एक तरुण मास्तर आहे, आणि त्याच्याही प्रयत्नांचा शेवट दुष्काळाने उजाड झालेल्या वाडीत होतो. परंतु मास्तर वाडीची भाषा ऐकतो. त्याचे निवेदन हळूहळू त्या भाषेच्या लयीत शिरते, आणि धनगरांना आपल्याविषयी काय वाटते हे त्यांच्याच शब्दांत कळल्यावर त्याला आपल्या कामाचे मोल उमगू लागते. राम देशमुख ह्यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे ही वाडी इंग्रजी वाचकांपर्यंत गेली. 'लेंड मी युअर लाइट' वाचणाऱ्यास पुढे काय वाचून बघावे असे कोणी विचारल्यास, हेच नाव प्रथम सुचावे.

'सच अ लाँग जर्नी' (१९९१) ह्या कादंबरीत पुस्तक आणि मैत्री ह्यांचा संबंध अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. गुस्ताद नोबलच्या बापाचे पुस्तकांचे दुकान बुडाले. उरलेल्या थोड्या पुस्तकांसाठी मुलाच्या मदतीने कपाट करावे, हे गुस्तादचे स्वप्न. नाहीसा झालेला मित्र मेजर बिलिमोरिया त्याला पत्राने चोरबाजारात बोलावितो, आणि तेथे खुणेची वस्तू आहे शेक्सपिअरचे समग्र नाटकांचे पुस्तक. मित्राने मित्राकडे पाठविलेले हे पुस्तक वाचण्यासाठी नाही, ते संकेत आहे; आणि त्या संकेतामागून विश्वासघाताची शंका येते. बापाचे पुस्तकप्रेम आणि मित्राचा पुस्तक-संकेत ही दोन टोके लेखकाने कोठेही उच्चरवाने जोडलेली नाहीत. हा संयम दुर्मिळ आहे.

ह्याच कादंबरीला २०१० साली मुंबई विद्यापीठाने बी. ए.च्या अभ्यासक्रमातून वगळले. शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेचा आक्षेप होता की, तीत शिवसेनेची व मराठी माणसांची निंदा आहे. आक्षेपित उद्गार कादंबरीत आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते आहेत पात्रांच्या तोंडी, प्रामुख्याने गुस्तादचा बँकेतील मित्र दिनशॉजी ह्याच्या. तो मरणाच्या वाटेवर असलेला, विनोदावर जगणारा, बदललेल्या रस्त्यांच्या नावांनी हळहळणारा कारकून आहे. उद्धृत वाक्याचे दायित्व उद्धृत करणाऱ्याकडे आपोआप येत नाही, हे भाषाविज्ञानाचे प्राथमिक तत्त्व आहे. मराठीत तर 'म्हणे' एवढा एक शब्द लावून वक्ता अंग काढून घेऊ शकतो. कादंबरीकाराजवळ असा 'म्हणे' नसतो. त्याने पात्र पुरेसे उभे केले की तेच त्याचे 'म्हणे'. दिनशॉजी तसा उभा राहिलेला आहे. अभ्यासक्रम ही विद्यापीठाने केलेली शिफारस होय. ती मागे घेताना विद्यापीठाने वाक्य आणि वक्ता ह्यांतील भेदच मागे घेतला.

तथापि प्रश्न एवढ्याने संपत नाही, आणि कादंबरीच्या समर्थकांनी तो येथेच संपविला ही त्या वादातील खरी उणीव होय. ज्यांच्याविषयी दिनशॉजी बोलतो, त्यांच्यापैकी किती जणांनी ती कादंबरी वाचली होती? पुणे-सातारा रस्त्यावरील, भोर तालुक्यातल्या कामथडीसारख्या गावातून पदव्युत्तर वर्गास येणारा विद्यार्थी मिस्त्री ह्यांना इंग्रजीतच भेटणार. फिरोजशा बागेतील माणसांच्या तोंडी 'घाटी' हा शब्द सहज येतो. टोरांटोच्या वाचकास तो स्थानिक रंगाचा एक ठिपका. मुंबईच्या इंग्रजी वाचकास ओळखीचा, किंचित लाजविणारा. पण घाटावरच्या गावांतून ज्यांचे आजे-पणजे हमालीसाठी मुंबईस गेले, त्यांच्या नातवंडांस तो आपल्यास उद्देशून उच्चारलेला शब्द आहे. हा वाचक मिस्त्री ह्यांच्या कल्पनेतील वाचकांत होता की नाही, हे मूळ पाठावरून ठरविता येत नाही. मराठी अनुवादात मात्र ते टाळता येणार नाही. इंग्रजीत 'घाटी' तिरक्या टाइपात असो वा नसो, तो परका शब्द राहतो. मराठी वाक्यात येताच त्याचे परकेपण जाते आणि अर्थ उरतो. पर्सीच्या खेड्यातील शेतकरी आणि बागेत डबा पोहोचविणारा गडी एकाच नावाने ओळखले जाऊ लागतात. अनुवादकाने तो शब्द जसाच्या तसा ठेवावा, मवाळ पर्याय शोधू नये. तसा अनुवाद झाल्यास 'लेंड मी युअर लाइट' ह्या कथेत जो आवाज मुळात नाही, तो निदान वाचणाऱ्याच्या बाजूने तरी तीत शिरेल, आणि दिवा कोणी कोणाकडे मागितला ह्यावर कामथडीत आणि टोरांटोत निरनिराळी उत्तरे मिळतील.