साचा एकच, नजर वेगळी

व्हिडिओ गेममध्ये सपाट चित्र श्रेष्ठ की गोल घडण, हा वाद १९९४ साली पहिले प्लेस्टेशन आले तेव्हापासून जोरात आहे. हाताने रेखाटलेली पात्रे आता इतिहासजमा होणार, असे तेव्हा अनेकांना वाटले होते. तसे झाले नाही. मृत्यू, अपराधभाव, व्यसन, शरीर आणि कामवासना हे विषय मोकळेपणाने हाताळणाऱ्या प्रौढांसाठीच्या खेळांत आज द्विमित आणि त्रिमित या दोन्ही शैली जोमात आहेत. पण त्यांची तुलना करताना कोणती जास्त ‘खरी’ दिसते, एवढेच बहुधा पाहिले जाते. हे माप अपुरे आहे. चित्र सपाट असो की गोल, त्यातला शेवटचा निर्णय कुणा माणसाच्या हाताने घेतला आहे का, हे आधी पाहायला हवे. त्यासाठी रायगड जिल्ह्यातल्या पेणच्या गणपती कारखान्यांइतकी चांगली शाळा मला दुसरी दिसत नाही.

पेण शहरात आणि हमरापूर, जोहे, कळवे या जवळच्या गावांत वर्षभर गणेशमूर्ती घडतात आणि देशाबाहेरही जातात. मूर्तीचे अंग साच्यातून येते. शाडू मळून साच्यात दाबायचा, भाग जोडायचे, सुकल्यावर सांधे घासून गुळगुळीत करायचे. प्लास्टर असेल तर ते साच्यात ओतायचे. एका साच्यातून कितीतरी मूर्ती निघतात आणि त्या टप्प्यावर सगळ्या सारख्याच असतात. मग अंगाचा रंग, पीतांबर, शेला, दागिन्यांचे सोनेरी काम, गनने मारलेली छटा. सगळ्यांत शेवटी आखणी. बारीक ब्रशने भुवई ओढायची, पापणीची कड धरायची, बुबुळ बसवायचे. तोवर सगळे काम घडणीचे होते, आता ते शुद्ध रेषेचे होते. बुबुळ केसभर वर सरकले तर नजर भक्ताला सोडून पलीकडे जाते. पापणीची रेघ जाड झाली तर प्रसन्न चेहरा झोपाळू दिसतो. पेणच्या मूर्तीचे नाव झाले ते या आखणीने. एकाच साच्यातल्या दोन मूर्ती दोन कारागिरांनी आखल्या, तर त्या दोन वेगळ्या मूर्ती होतात.

हीच कसोटी प्रौढांच्या खेळांना लावून पाहावी. २०१८ साली स्टीम या विक्रीमंचाने कामविषयक खेळांना दार उघडले आणि अशा खेळांची संख्या झपाट्याने वाढली. त्यातल्या त्रिमित खेळांचा मोठा भाग तयार मानवी आकृत्या विकत घेऊन बनतो. केस बदलले, कपडे बदलले, प्रकाश बदलला की नवे पात्र तयार. त्वचेवरची छिद्रेसुद्धा दिसतात, तरीही वेगवेगळ्या खेळांतले चेहरे एकमेकांच्या बहिणी वाटतात, कारण साच्यातून निघालेल्या अंगावर पुढे कुणी आखणीच केलेली नसते. तिथे ओढ नाही, संकोच नाही, दोन माणसांमधला अवघडलेपणा नाही. शरीर पूर्ण दिसते आणि माणूस दिसत नाही. प्रौढ विषयावरच्या कलेत याहून मोठी उणीव कोणती?

द्विमित शैली या दोषातून सुटलेली नाही. जपानी धाटणीच्या चित्रकथा-खेळांत स्थिर चित्रे आणि मोजके बदलते हावभाव यांवर सारा भार असतो. चांगल्या चित्रकाराच्या हातात ही मर्यादा बळ ठरते, कारण न दाखवलेले खेळणाऱ्याच्या मनात पुरे होते. पण त्या शैलीचाही साचा झाला आहे: तेच विशाल डोळे, तीच टोकदार हनुवटी, अनुभवाची एकही खूण नसलेली कातडी. अशी रेषा दिसायला हाताची असली, तरी ती निर्णय घेत नाही, सवयीने चालते.

दोन्ही शैली उंची गाठतात ती कुठे, हेही नीट पाहिले पाहिजे. पोलंडमध्ये बनलेल्या ‘द विचर ३’ या २०१५ सालच्या खेळात एक दारुडा सरदार आपल्या मृत जन्मलेल्या बाळाचे पिशाच्च हातात घेऊन रात्री वाट चालतो आणि आपण त्याच्या शेजारून चालतो. बायकोला मारणारा हा माणूस त्या ओझ्याखाली किती वाकला आहे, हे आपल्याला अंतर कापतानाच कळते. वजन, चाल आणि काळ ही त्रिमितीची खास ताकद आहे, आणि ती इथे सार्थकी लागली आहे. सपाट चित्रात हा प्रसंग सांगता आला असता, त्याच्या सोबत चालता आले नसते.

याउलट २०१९ सालच्या ‘डिस्को एलिसियम’मध्ये पात्रांची शरीरे त्रिमित पण लहान आहेत, त्यांचे अंतरंग दिसते ते चित्रकार अलेक्झांडर रोस्तोव यांच्या फटकाऱ्यांनी भरलेल्या व्यक्तिचित्रांतून. नायक दारूने उद्ध्वस्त झालेला पोलीस आहे. त्याच्या चेहऱ्यावरचे रंग विस्कटलेले आहेत, कारण त्याची स्मृतीही तशीच आहे. कॅमेऱ्याइतका नेमका चेहरा इथे खोटा ठरला असता.

तंत्राच्या बाजूने सर्वांत बोलके उदाहरण २०१४ सालच्या ‘गिल्टी गिअर झर्ड’ या जपानी मारामारीच्या खेळाचे आहे. त्याची पात्रे त्रिमित आहेत, पण हाताने काढल्यासारखी दिसतात. सावलीची कड कुठे तुटावी, हे संगणकावर न सोपवता कलाकारांनी स्वतः ठरवले, आणि हालचालीतल्या मधल्या चौकटी मुद्दाम गाळल्या. हे आखणीचेच काम आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली आणलेल्या ‘राजी’मध्येही त्रिमित जगाला पहाडी चित्रशैलीचे रंग आहेत, आणि कथेचे दुवे छायाबाहुल्यांतून येतात. विषय प्रौढांचा नसला, तरी मराठी मुलखात बनलेल्या या खेळाने सपाट परंपरेतून घडणीला चेहरा देता येतो, हे दाखवून दिले.

सपाट आणि गोल यांच्या मधलाही एक मार्ग पेणच्याच रायगड जिल्ह्यात फार जुना आहे. रोह्याच्या दक्षिणेला मांदाडजवळ कुड्याची बौद्ध लेणी आहेत. महाभोज या प्राचीन सत्ताधीशांच्या पदरी असलेल्या एका लेखकाच्या धाकट्या भावाने दिलेल्या तिथल्या लेण्यात स्त्री-पुरुषांच्या जोड्या उठावात कोरल्या आहेत. शरीर भिंतीतून अर्धेच बाहेर येते. ही माणसे भरल्या अंगाची, सजलेली, एकमेकांच्या सहवासात निवांत आहेत. प्रौढपण म्हणजे उघडेपणा नव्हे, दोघांमधले नाते, हे त्या शिल्पकारांना ठाऊक होते. आजच्या किती खेळांबद्दल असे म्हणता येईल?

पेणमध्येही परिस्थिती निर्धोक नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांपासून चर्चा शाडू की पीओपी यावर खिळली आहे. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपी मूर्ती घडवण्यास आणि विकण्यास मोकळीक दिली, तरी विसर्जनाचा प्रश्न राहिलाच. हा वाद पाण्यासाठी आवश्यक आहे. पण तो सगळा अंगाचा वाद आहे. दुसरीकडे मूर्तीवर खरे कापडी धोतर, फेटे, खड्यांचे दागिने चढत आहेत, आणि गिऱ्हाईक मोबाइलमध्ये एखाद्या प्रसिद्ध मूर्तीचा फोटो दाखवून ‘अगदी असाच हवा’ म्हणते. मूळ प्रत संगणकावर घडवून त्रिमित छपाईने काढण्याची सोयही आता आली आहे. घडण दिवसेंदिवस सोपी होत जाईल. नजर तशी सोपी होणार नाही.

म्हणून द्विमित-त्रिमित या निवडीपेक्षा रेषेच्या शिक्षणाची मला जास्त काळजी वाटते. अॅनिमेशन आणि गेम शिकवणाऱ्या आपल्या संस्थांनी सॉफ्टवेअरच्या आधी मुलांच्या हातात ब्रश द्यावा. पेणच्या आखणी करणाऱ्या कारागिरांना तिथे शिक्षक म्हणून, योग्य मानधन देऊन बोलवावे. एकच आकृती दहा विद्यार्थ्यांना द्यावी आणि फक्त डोळे आखून दहा वेगळी माणसे उभी करायला सांगावे. ज्याला हे जमेल, त्याने पुढे खुशाल सपाट खेळ करावा किंवा गोल. प्रौढ माणसाने प्रौढ माणसाबद्दल काही सांगण्याची पात्रता त्याच्या हाती आलेली असेल.