उपहासाचा ठसा आणि तुलनेचा तराजू

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच उपहासचित्रांचा विचार त्यांचे मुद्रणतंत्र वगळून करता येत नाही. बॉक्सवुडच्या आडव्या छेदावर कोरलेला ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच वेळी छापता येई. शिळाछापाचे चित्र मात्र वेगळे छापावे लागे. लाकडी ठशामुळे चित्र मजकुराच्या ओळींत येऊन बसले आणि लेखकाच्या शेऱ्याला जणू दृश्य पुरावा लाभला. फ्रेदेरिक सुलिए याचे ‘फिझियोलोजी द्यु बा-ब्लो’ (१८४१) हे अशाच ठशांनी सजलेले पुस्तक. ‘बा-ब्लो’ म्हणजे ‘निळे मोजे’. विदुषींना दिलेले हे कुत्सित नाव. पुढे दोमिए याने १८४४ मध्ये ‘ल शारिव्हारी’ या पत्रात हाच विषय शिळाछापाच्या ४० चित्रांतून रंगविला. लेखनात गढून गेलेली आई आणि टबात उलटे पडलेले मूल, हे त्यांतील एक प्रसिद्ध चित्र होय.

या चित्रातील विनोद एका गृहीतावर उभा आहे. मूल सांभाळणे हे केवळ आईचे काम, असे मानले तरच तो विनोद ठरतो. पिता कोठे आहे, हा प्रश्न चित्र विचारीत नाही.

मराठीत प्रभाव म्हणून नव्हे, तर स्वतंत्रपणे हेच गृहीत रंगभूमीवर आले. पुण्यात १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल सुरू झाले. १८८६ मध्ये नारायण बापूजी कानिटकर यांची ‘तरुणी-शिक्षण-नाटिका’ प्रसिद्ध झाली. स्त्रीशिक्षण व स्त्री-स्वातंत्र्य यांचे ‘भविष्यकथन’ करण्याचा दावा तिच्या शीर्षकातच आहे. हा उपहास घडलेल्या दोषाचा नव्हे, संभाव्य स्वातंत्र्याच्या भयाचा होता.

त्याचे उत्तर मात्र चार वर्षे आधीच छापले गेले होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल १८८१ मध्ये शिक्षा झाली आणि वृत्तपत्रांतून सरसकट स्त्रीजातीवर टीका होऊ लागली. त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष-तुलना’ (१८८२) हा निबंध लिहिला. स्त्रियांच्या माथी मारलेला एकेक दोष उचलून त्या तो पुरुषांच्या पारड्यात टाकतात. समकालीन नाटक-कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणही त्या तपासतात. त्यांची भाषा घरगुती, तिखट आणि पुरुषवाचकाला थेट जाब विचारणारी आहे. उपहासाचे शस्त्र तेच, फक्त त्याची मूठ दुसऱ्या हाती गेली.

महात्मा फुले यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. तरीही हा निबंध पुढे विस्मरणात गेला आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुनर्मुद्रित केल्यानंतरच अभ्यासकांपुढे आला. सामाजिक उपहासाचे मूल्यमापन करताना तो कोणाला हसतो एवढेच पाहणे पुरेसे नाही. तो कोणाला हसण्यातून वगळतो, हेही पाहावे लागते. ताराबाईंच्या निबंधाने मराठी समीक्षेला ही कसोटी दिली आहे.